संघटनेसाठी सह्या घेतल्या, म्हणून जातीवरून शिवी आणि कामावरून बाहेर

प्रश्न : नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात मी ठेकेदाराकडे सफाईचं काम करते. किमान वेतन आणि पगाराची पावती मिळावी म्हणून आम्ही नऊ जणींनी इंदोऱ्यात बसून संघटनेसाठी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी सुपरवायझरने जातीचं नाव घेऊन शिवी दिली, हजेरीबुकात माझ्या नावावर लाल रेघ मारली आणि कोऱ्या कागदावर सही मागितली. पोलीस म्हणतात, 'हे कामाचं भांडण आहे, कामगार कार्यालयात जा.' काय करू?

उत्तर : ताई, कोऱ्या कागदावर सही अजिबात करू नका. केली असेल, तर ती दबावाखाली घेतली असं ठेकेदाराला आणि रुग्णालयाला आजच लेखी कळवा.

पोलिसांचं म्हणणं चूक आहे. जातिवाचक शिवी हा 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा आहे आणि 2018 च्या दुरुस्तीनुसार तो नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही. मात्र शिवी लोकांच्या देखत दिली होती का, यावर बरंच अवलंबून असतं. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेल्या शिवीगाळीला हे कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं आहे. म्हणून पोलिसांना द्यायच्या अर्जात हजेरी कुठे होते ते नेमकं लिहा. फाटकाजवळ, की तळघरातल्या खोलीत? मैत्रिणी तर साक्षीदार आहेतच, पण गेटवरचा गार्ड, चहावाला, पेशंटचे नातेवाईक यांपैकी कुणी ऐकलं असेल तर त्यांची नावं आधी घाला. आणि शिवी जशीच्या तशी लिहा. संकोचाने 'अपशब्द वापरले' एवढंच लिहिलं, की केस तिथेच कच्ची होते.

अर्जाची पोच घ्या. ठाण्याने दाद दिली नाही, तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस आयुक्तांना पाठवा आणि तरीही हललं नाही, तर न्यायालयात जा.

कामावरून काढल्याचा अर्ज कामगार आयुक्तालयात वेगळा द्या. 45 दिवसांत तडजोड झाली नाही, तर पुढे थेट दाद मागता येते. ठेकेदाराने थकवलेली मजुरी देण्याची जबाबदारी रुग्णालयावरही येते.

संघटनेच्या नोंदणीचा अर्ज सात जणी करू शकतात, पण आस्थापनेतले दहा टक्के किंवा 100 कामगार, यातली जी संख्या कमी ती सभासद हवी. तुमच्याकडे नव्वदपेक्षा जास्त माणसं असतील, तर आणखी सह्या घ्याव्या लागतील. त्या घ्याच. 'जय भीम' रुजवणाऱ्या बाबू हरदासांनी शेजारच्या कामठीतूनच बिडी कामगारांना एकत्र आणलं होतं.

'केस मागे घे, कामावर घेतो,' असा निरोप येईल. त्या बोलण्याला एकट्या जाऊ नका. नऊ जणींपैकी दोघींना बरोबर न्या.