ट्रेन केलेलं शस्त्र पॅचमध्ये कमजोर केलं, तर ईव्ह ऑनलाईन सोडावं का?

ईव्ह ऑनलाईन हा अंतराळजहाजांच्या लढायांचा ऑनलाईन गेम, आणि त्यात स्किल खऱ्या दिवसा-महिन्यांच्या हिशेबाने ट्रेन होते. प्रश्न असा आहे: "ईव्हमध्ये सहा महिने एकाच शस्त्राची स्किल ट्रेन केली आणि नव्या पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) नेमकं तेच नर्फ, म्हणजे कमजोर, झालं. ही फसवणूक नाही का? सोडून देऊ की दुसरं शस्त्र शिकू?"

फसवणूक हा शब्द मी 2012 पासून ऐकतोय. माझा मावसभाऊ हेच म्हणतो, आणि एवढी वर्षं होऊनही घरच्या लग्नात भेटलो की तो विषय निघतोच. म्हणून लिहायला बसलो.

या दादानेच मला ईव्ह शिकवला. तो नाशिकला नोकरीत, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाकी काही बघू नको, सरळ ड्रेकवर जा." ड्रेक म्हणजे मिसाईल मारणारं एक जहाज. तेव्हा सगळे तेच सांगायचे. ड्रेक स्वस्त, त्याची शील्ड जाड, आणि हेवी मिसाईल तोफेसारखं हुकत नाही. तोफेला ट्रॅकिंग लागतं, समोरचा आडवा पळाला की गोळे वाया जातात. मिसाईल पोचतंच, नुकसान कमी-जास्त होईल एवढंच. वर स्किल पूर्ण असतील तर पल्ला 84 किलोमीटरच्या आसपास. त्या काळात शेकडो ड्रेकच्या फ्लीट (ताफे) निघायच्या. टेंगू हे महागडं जहाजही त्याच मिसाईलवर राज्य करत होतं.

मग 4 डिसेंबर 2012, मंगळवार. रेट्रिब्यूशन नावाचं मोठं अपडेट आलं. हेवी मिसाईलचं नुकसान 10 टक्क्यांनी कमी, स्फोटाची त्रिज्या 12 टक्क्यांनी जास्त, म्हणजे लहान जहाजांना मार आणखी कमी. वेग थोडा वाढवला, पण उडण्याचा वेळ इतका कापला की 84 चे 63 किलोमीटर झाले. एक गोष्ट लोक विसरतात: पहिल्या प्रस्तावात नुकसानाची कपात 20 टक्के होती. खेळाडूंनी आकडेमोड करून विरोध केला आणि ती 10 वर आली. ज्यांना गणित मांडता आलं त्यांचं ऐकलं गेलं. नुसता आरडाओरडा करणाऱ्यांत दादा होता, हे त्याच्या तोंडावरही सांगितलंय.

त्याच शनिवारी रात्री आमचा वीसेक जणांचा रोम (शिकार शोधत फिरणं) होता. बहुतेक युरोपातले, त्यांची संध्याकाळ म्हणजे आपले रात्रीचे दीड. समोर हरिकेन जहाजांची छोटी टोळी आली. दादा फोनवर मला सांगत होता, "सत्तरवर थांब, नेहमीसारखं." मी थांबलो. सत्तर किलोमीटरवरून पहिली सॅल्व्हो (मिसाईलची फैर) सोडली. मिसाईलं निघाली, पडद्यावर छान रांगेत जाताना दिसली आणि वाटेतच विझली. दुसरी तशीच. मला वाटलं लॅग आहे, म्हणून तिसरीही सोडली. तोवर आमचा लॉजी पायलट (बाकीच्यांची जहाजं दुरुस्त करणारा) मेला होता, कारण ज्या हरिकेनला आम्ही दोघांनी हाणायचं होतं ती मोकळीच फिरत होती. एफसी, म्हणजे फ्लीटचा कमांडर, पोलिश होता, शांत माणूस. त्याने एवढंच विचारलं, "आपले ड्रेक कुठे आहेत?" दादाने उत्तर दिलं नाही. त्याने क्लायंट बंद केला आणि मला फोनवर म्हणाला, "संपलं रे. सहा महिने घेतले आणि एका मंगळवारी काढून घेतले." पुढच्या महिन्याचे पैसे त्याने भरले नाहीत.

मी रविवारी दुपारी स्टेशनबाहेर एक कॅन (रिकामा डबा) सोडला आणि पाच-पाच किलोमीटर मागे सरकत त्याच्यावर मिसाईल मारत बसलो. वहीत आकडे लिहिले. ती वही अजून आहे. मिसाईल प्रोजेक्शन (वेगाची स्किल) पाचवर, म्हणजे पूर्ण होतं, मिसाईल बम्बार्डमेंट (उडण्याच्या वेळाची स्किल) चारवर, म्हणून मला 63 सुद्धा मिळत नव्हते. 58 च्या पुढे शून्य. पॅचआधी हेच 78 होते, म्हणून सत्तर चालायचं. आम्ही पॅच नोट्स वाचल्या होत्या, पण आपल्या स्किलवर आपला आकडा किती, हे दोघांपैकी एकानेही मोजलं नव्हतं. तो लॉजी पायलट आमच्या आळसामुळे मेला. पॅचला दोष देऊन ते पुसलं जात नाही.

पुढे आणखी कळलं. 58 हा आकडा उभ्या कॅनसाठी. समोरचा मायक्रोवार्पड्राइव्ह (वेग वाढवणारं यंत्र) लावून सेकंदाला किलोमीटरभर लांब पळत असेल, तर मिसाईल पोचेपर्यंत तो आठ-नऊ किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे पळणाऱ्यावर 48 च्या आतून मारायचं. तोच अंगावर येत असेल तर 65 वरूनही सोडून चालतं, तो स्वतःच मिसाईलला येऊन भेटतो. शिवाय पल्ल्याच्या आत मिसाईल पूर्वीपेक्षा किंचित लवकर पोचू लागलं, हा फायदा कोणी मोजतच नाही. जानेवारीत मी त्याच ड्रेकने, त्याच एफसीबरोबर, पहिल्यापेक्षा जास्त किल घेतले.

आता फसवणुकीबद्दल. आमच्याच कॉर्पमध्ये (गटात) एक रोमेनियन होता, रात्रपाळी करून सकाळी खेळायचा. त्याने वर्षभर मध्यम रेलगन (मध्यम आकाराच्या लांब पल्ल्याच्या तोफा) शिकल्या होत्या. फेरॉक्स हे रेलगनचं जहाज घेऊन फ्लीटमध्ये आला की त्याला दर वेळी एकच उत्तर: "ड्रेक आण, नाहीतर राहू दे." त्याचं वर्ष वाया गेलं तेव्हा दादाला फसवणूक दिसली नाही. एक शस्त्र इतकं भारी असलं की बाकी सगळ्यांचं शिकणं मातीमोल होतं, आणि ते रोजच होतं, पॅच नोट्सशिवाय. 2013 मध्ये मध्यम रेलगन, आर्टिलरी आणि बीम लेझर सुधारले. तो फेरॉक्स घेऊन आला त्या रात्री कोणी त्याला परत पाठवलं नाही. मी त्या फ्लीटमध्ये होतो. दादा नव्हता.

तुमचं शस्त्र कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे नेमकं सांगता येत नाही. मिसाईल असेल तर अर्धंअधिक ट्रेनिंग शाबूत आहे: प्रोजेक्शन, बम्बार्डमेंट, वॉरहेड अपग्रेड्स, रॅपिड लाँच ही स्किल लहान लाईट मिसाईलपासून मोठ्या क्रूझपर्यंत सगळ्यांना लागू होतात. शील्डची स्किलही कुठे जात नाहीत. फक्त त्या एका आकाराच्या लाँचरची स्किल अडकतात, आणि 2016 पासून एक्स्ट्रॅक्टर (शिकलेली स्किल काढून घेणारी वस्तू) लावून तीही काढून विकता येतात. घाईने काढू नका. आधी कॅन सोडा, मोजा, निदान दोन आठवडे नव्या अंतरावरून लढा. दुसरं शस्त्र शिकायचंच असेल तर तेव्हा फ्लीटमध्ये गाजत असलेलं घेऊ नका, पुढची कात्री बहुधा त्याच्यावरच पडते.

एक मान्य करतो. नर्फ करणाऱ्यांचंही चुकतं. 20 टक्के राहिले असते तर ड्रेक खरंच भंगारात गेला असता आणि मी दादाच्या बाजूने बोललो असतो. मोठ्या फ्लीटचं गणितही वेगळं असतं, माझा अनुभव वीस-तीस जणांच्या टोळीतला आहे.

दादा, तू हे वाचशीलच. 2017 च्या अखेरीपासून फुकटच्या अल्फा खात्यावरही ड्रेक उडवता येतो, आणि तुझा जिथे सोडलास त्याच हँगरमध्ये उभा असणार. वहीतल्या त्या पानाचा फोटो पाठवतो. तुझं बम्बार्डमेंट पाचवर होतं, तुला तेव्हा 62 मिळाले असते.