पुण्याहून महाबळेश्वरला सायकलने जाताना आधी आणि वाटेत काय खावं?

अंतर साधारण १२० किमी, शिवाय शेवटी पसरणी घाट. त्यामुळे खाण्याचं गणित चुकलं तर वाईच्या पुढे पाय उचलत नाहीत.

निघण्याआधी दीड-दोन तास एक प्लेट पोहे किंवा उपमा, तेल आणि शेंगदाणे कमी घालून, आणि एक केळं. साबुदाण्याची खिचडी नको. त्यातलं तूप-दाण्याचं कूट पचायला वेळ लागतो आणि कात्रज चढतानाच पोट जड होतं.

शरीरातला साखरेचा साठा दीड-दोन तासांत बराच उतरतो. म्हणून भुकेची वाट बघू नका, पहिल्या पाऊण तासातच खायला सुरुवात करा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात: एका मध्यम केळ्यात साधारण २५, चार लहान खजुरांत जवळपास तेवढीच. खजुराच्या बिया आदल्या रात्रीच काढून ठेवा, एका हाताने हँडल धरून बी काढणं धोक्याचं आहे. गुळाची चिक्की उन्हात चिकटते, राजगिऱ्याचा लाडू बरा.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस. पुडी एक लिटरची असेल तर एक लिटरातच विरघळवा. घाम खूप जात असताना नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, डोकं दुखतं.

खंबाटकीच्या अलीकडे मिसळ किंवा वडापाव अजिबात नको! हात थरथरले, थंड घाम आला तर थांबा, आधी गोड खा.