सिंकखालचा फिल्टर: थेंब थांबत नाही

प्रश्न: दादा, सिंकखाली पाण्याचा फिल्टर स्वतःच बसवला, व्हिडिओ बघत बघत. दोन बाऊलचा आहे, पहिल्यात ५ मायक्रॉनचा सेडिमेंट, म्हणजे गाळ अडवणारा, आणि दुसऱ्यात कार्बन. बसला व्यवस्थित पण जिथे पांढरी नळी झाकणात घुसते तिथून मिनिटाला एक थेंब पडतोच, टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी तेच. शिवाय पहिलं पाणी काळपट आलं, आणि धार पण बारीक आहे. घरात ५ महिन्यांचं बाळ आहे, हे पाणी वापरू का? की सरळ प्लंबरला बोलवू?

उत्तर: बाळाचं आधी सांगतो. तुमचा फिल्टर गाळ काढतो आणि क्लोरीनचा वास-चव काढतो, जंतू मारत नाही. बहुतेक बॅक्टेरिया १-२ मायक्रॉनचे असतात, ५ मायक्रॉनच्या जाळीतून ते आरामात निघून जातात. म्हणून बाळासाठीचं पाणी फिल्टरनंतरही खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट उकळायचं आणि झाकून गार करायचं, यात आळस नको.

काळपट पाण्याला घाबरू नका, ती नव्या कार्बनची भुकटी आहे. नळ पूर्ण सोडून १०-१५ मिनिटं पाणी जाऊ द्या, बादलीत धरून फरशी पुसायला वापरा, आणि काचेच्या ग्लासात एकदम स्वच्छ दिसायला लागलं की मगच प्यायला घ्या.

आता थेंब. मिनिटाला एक म्हणजे दिवसाला १४४० थेंब, साधारण ७० मिली पाणी, तेही बंद कपाटात जिथे वारा लागत नाही. माझ्या घरी असाच एक थेंब मी "बघू नंतर" म्हणून सोडला होता आणि दोन महिन्यांत कपाटाच्या तळाचं प्लाय फुगून वर आलं, दार लागेना. म्हणून आजच करा, प्लंबर लागणार नाही.

पहिली गोष्ट, ती टेप काढून टाका. दाबून बसवायच्या जॉइंटमध्ये आत एक ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, असते, ती नळीच्या गुळगुळीत अंगाला घट्ट बसते आणि पाणी अडवते, तिथे टेप घातली की उलट फट पडते. टेप लागते ती फक्त आटे असतात तिथे, म्हणजे अँगल कॉकजवळच्या (सिंकखाली भिंतीतून येणारा छोटा नळ) टी ला, तीन तोंडांच्या जोडाला वगैरे, आणि तीसुद्धा आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने ६-७ वेढे. जिथे रबरी वायसर आहे तिथे टेप नकोच.

मग अँगल कॉक बंद करा, फिल्टरचा नळ उघडून आतलं प्रेशर जाऊ द्या, नळीभोवतीची छोटी कॉलर एका हाताने आत दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने नळी सरळ ओढा, लगेच निघते. आता तिचं टोक टॉर्चखाली नीट बघा. कात्रीने कापली असेल तर टोक तिरकं आणि चपटं झालेलं दिसेल, आणि बाहेरून बारीक ओरखडे दिसतील, जॉइंटच्या आतल्या स्टीलच्या दातांचे. पाणी त्या ओरखड्यांतूनच येतं. इंचभर नळी टाकून द्या, लाकडी फळीवर ठेवून नव्या ब्लेडने एका दमात काटकोनात कापा, टोकापासून दीड सेंटीमीटरवर पेनाने खूण करा आणि घाला. आधी एकदा अडकल्यासारखी वाटते, बरेच जण इथेच थांबतात आणि गळती इथूनच सुरू होते, अजून जोर लावा, खूण जवळपास दिसेनाशी झाली पाहिजे. मग ओढून बघा, हलता कामा नये.

आणि जॉइंटच्या बाहेर चार बोटं तरी नळी सरळ जाऊ द्या. सिंकखाली जागा कमी म्हणून आपण तिथल्या तिथे वळवतो, मग नळी ओ-रिंगला एका बाजूने खेचत राहते आणि कितीही छान कापली तरी थेंब येतोच.

झालं की सगळ्या जॉइंटना कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवा. रात्री वापर कमी असतो म्हणून लाइनमध्ये प्रेशर वाढतं, गळायचं असेल तर तेव्हाच गळतं, सकाळी कुठला कागद ओला आहे ते दिसेल.

धार बारीक असण्याचं म्हणाल तर एकदा बाऊल उघडून बघा, कार्ट्रिजवरचं प्लास्टिक काढायचं राहिलं नाही ना, हे फार जणांचं होतं. झाकणावरचे बाणही बघा, पाणी उलटं जोडलं गेलं नाही ना. दोन्ही ठीक असेल आणि पाणी वरच्या टाकीतून येत असेल तर १० मीटर उंचीला जेमतेम १ बार प्रेशर मिळतं, टाकी नळापासून ३ मीटर उंच असली तर फक्त ०.३ बार, त्यात धार बारीकच येणार, तो फिल्टरचा दोष नाही. बाऊल परत लावताना ओ-रिंग पुसून घ्या, व्हॅसलीन लावू नका, रबर फुगतं, खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीसच घ्या. आणि आवळा हातानेच, पाना उघडायला ठेवा.

प्रश्न: कार्बन फिल्टर लावला. टीडीएस मीटरवर आधी १८०, नंतरही १८०. फसवलं का मला?

उत्तर: नाही हो. विरघळलेले क्षार कार्बन काढतच नाही आणि मीटर तेवढंच मोजतो, क्लोरीन गेला का हे त्याला कळत नाही, ते तुमच्या नाकाला कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली पाण्याची चव साधारण चांगली लागते, तुमचं १८० आहे. फक्त हा आकडा कमी करायला आरओ घेऊ नका, साध्या आरओमध्ये १ लिटर पाण्यामागे ३ लिटरच्या आसपास वाया जातं. कार्ट्रिज बसवल्याची तारीख मात्र बाऊलवर मार्करने लिहून ठेवा, ६ महिन्यांनी बदलायचं आहे.