फरशीवर साचलेला चिकट थर स्टीम क्लीनरने निघतो का?
फ्लॅटमधल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर फिनाइल-साबणाचा थर असेल, तर निघतो. १०० अंशांच्या आसपासची वाफ तो मऊ करते, उचलायचं काम मात्र कापडाचंच. आधी केर काढा, मशीन हळू फिरवा आणि कापड काळं झालं की लगेच बदला, नाहीतर तोच मळ पुन्हा पसरतो. बाथरूममधला पांढरा क्षार वाफेला दाद देत नाही, त्याला पातळ केलेलं व्हिनेगर लागतं (संगमरवरावर चुकूनही नको!). जुन्या घरातल्या लाल कोब्यावर (लाल सिमेंटच्या जमिनीवर) वाफ मारू नका, वरचं मेण निघून तो निस्तेज दिसतो. एकदाच थर काढायचा असेल तर मशीन कशाला विकत घेता? गरम पाणी, थोडं डिशवॉश आणि ब्रश पुरतो. पावसाळ्यात पंखा लावून फरशी लगेच सुकवा.