वाचकांचे प्रश्न: स्लॅबमध्ये राख घालू द्यायची का?

प्रश्न: घराचा स्लॅब टाकायचाय. काँट्रॅक्टर म्हणतो सिमेंट पाव हिस्सा कमी करून फ्लाय ॲश (वीज केंद्रातली कोळशाची बारीक राख) टाकतो, काही फरक पडत नाही. मला तर ही सरळ भेसळ वाटते. स्लॅब कच्चा नाही का राहणार?

उत्तर: भेसळ नाही हो, पण "काही फरक पडत नाही" हेही खरं नाही. सिमेंटला पाणी लागलं की खडी-वाळू धरून ठेवणारा जेल तर बनतोच, पण सोबत कॅल्शियम हायड्रॉक्साइडही सुटतं, म्हणजे एक प्रकारचा चुनाच, ज्याचा ताकदीला फारसा उपयोग नाही आणि पाण्यासोबत झिरपून बाहेर पांढरे डाग पाडतो ते वेगळंच. राखेतली सिलिका हाच चुना धरते आणि त्याचाही जेल करते, बारीक भोकं बुजतात, पाणी आणि क्षार आत शिरत नाहीत तेवढे, सळई जास्त टिकते. फक्त हे काम निवांत चालतं. ७ दिवसांच्या क्यूब टेस्टला (काँक्रीटचा ठोकळा दाबून ताकद बघतात ती) आकडा कमी आला म्हणून घाबरू नका, २८ दिवसांचा बघा, राख जास्त असेल तर ५६ किंवा ९० दिवसांचाही बघतात.

खरी गडबड होते ती घाईत. शटरिंग नेहमीच्याच तारखेला काढलं आणि पाणी मारणं चार दिवसांत बंद केलं तर राख बिचारी काय करणार, तिला ओलावाच मिळाला नाही! आणि हो, आधी गोणीवर काय छापलंय ते वाचा. पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) असेल तर त्यात राख बहुतेक कारखान्यातच मिसळलेली असते, वर अजून पाव हिस्सा म्हणजे अतीच झालं. साइटवर घमेल्याच्या अंदाजाने राख टाकणार असेल तर मी तरी नाहीच म्हणेन, वजन करून, इंजिनीअरने दिलेल्या मिक्सप्रमाणे टाकणार असेल तर खुशाल हो म्हणा.

प्रश्न: धरणातपण राख वापरतात म्हणे, पैसे वाचवायला का?

उत्तर: पैसे वाचतातच, पण मुख्य भानगड उष्णतेची. सिमेंट जमताना गरम होतं, आणि एवढा जाड ढिगारा आतून तापलेला नि बाहेरून गार असला की तडे जातात. राखेने ती उष्णता कमी होते. अमेरिकेतल्या मोंटानामधल्या हंग्री हॉर्स धरणात, १९५३ मध्ये पूर्ण झालं ते, राख मोठ्या प्रमाणावर वापरली होती.

प्रश्न: आमच्या बॉयलरच्या तळाशी कोळशाची भरपूर राख साठते, ती चाळून चालेल?

उत्तर: नाही. वीज केंद्रात कोळसा पिठासारखा दळून जाळतात, त्यातली खनिजं वितळून धुरासोबत उडतात, पटकन गार होऊन काचेचे बारीक गोल कण बनतात, आणि चिमणीच्या आधी ते पकडतात. रिॲक्शन होते ती या काचेमुळे. तळाची राख जाड, खडबडीत असते, कितीही चाळली तरी तो गुण येत नाही, शिवाय अर्धवट जळलेला कोळसा उरलेला असतो, तो काँक्रीटमध्ये घातलेली केमिकल्स शोषून घेतो.