जुन्या ट्रॅक्टरसाठी रंग कसा निवडावा आणि कसा मारावा?

तुमच्याकडे जुना मॅसी फर्ग्युसन ३५ आहे, त्यावर वेगवेगळ्या मालकांनी मारलेले रंगाचे थर आहेत. मूळ रंग कसा ओळखायचा, साधं इनॅमल घ्यायचं की हार्डनरवालं टू-के (रंग आणि त्याला कडक करणारं हार्डनर असे दोन भाग मिसळून मारायचा रंग), आणि ब्रशने काम भागेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं पहिलं सांगणं एवढंच, की रंगाचा डबा आत्ता घेऊ नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ट्रॅक्टरवरच सापडतं.

ऊन-पाऊस न लागलेली जागा शोधा. डिझेल टाकीखालची बाजू, बॉनेटची आतली बाजू, माहितीच्या पट्टीमागचा भाग, वर्षानुवर्षं ग्रीस साचलेला एखादा कोपरा. ग्रीसखाली रंग फार छान टिकतो. तिथे १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, नाण्याएवढ्या जागेवर गोल गोल हलक्या हाताने घासा. मध्यभागी पत्रा उघडा पडेपर्यंत घासलंत की कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं दिसतील: आत धातू, मग प्रायमर, मग कारखान्यातला रंग आणि बाहेर नंतरच्या मालकांचे थर. प्रायमरला लागून असलेलं वर्तुळ तुमचं. तो पट्टा थोडा रुंद करा, २००० नंबरने घासा, पॉलिश लावून चमकवा आणि शेड त्याच्याशी जुळवा. उन्हात विटलेल्या बॉनेटवरून शेड जुळवाल तर विटका रंगच विकत घ्याल.

तुमच्या मॉडेलच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं आहे. १९५६ साली फर्ग्युसन ३५ आला तेव्हा त्याचा पत्रा करडा होता आणि इंजिन-गिअरबॉक्सचं बीड सोनेरीसर. १९५७ च्या अखेरीस तो मॅसी फर्ग्युसन ३५ झाला आणि पत्रा लाल, बीड करडं झालं. त्यामुळे लाल थराखाली बिडावर सोनेरी लागलं तर चमकू नका, कोणीतरी जुन्या ट्रॅक्टरला नवं रूप दिलेलं असू शकतं. पट्टीवरचा सिरीयल नंबर आणि खालचे थर दोन्ही जुळले की मगच ठरवा.

एकाच नावाची शेड दोन कंपन्यांत सारखी निघत नाही, म्हणून लागणारा सगळा रंग एकाच वेळी घ्या आणि सगळे डबे एका मोठ्या भांड्यात एकत्र ढवळा. आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वाळल्यावर उन्हात धरून बघा.

आता इनॅमल की टू-के. सिंथेटिक इनॅमल मारायला सोपं, ब्रशनेही चालतं आणि त्या काळच्या ट्रॅक्टरवर शोभतं. पण ते मऊ राहतं, सांडलेलं डिझेल त्याला बाधतं, आणि लाल रंग उन्हात लवकर विटतो. टू-के कडक, चमक टिकवणारं, डिझेलला दाद न देणारं. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ आणि तुषार श्वासातून गेले तर कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क तिथे काही कामाचा नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. ती सोय नसेल तर टू-के घरी मारूच नका. ट्रॅक्टर शेतात राबणार असेल तर पत्र्यावर टू-के मारून घ्या. प्रदर्शनापुरता आणि अधूनमधून फिरवण्यापुरता असेल तर चांगलं इनॅमल पुरेसं आहे. वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चमकदार थर, मात्र नको. आरशासारखी चमक मोटारीला शोभते, ट्रॅक्टरला ती उपरी वाटते. तसंच बिडाचा मूळचा खरखरीतपणा लांबी भरून गुळगुळीत करू नका, मला तो फार देखणा वाटतो.

एक गोष्ट पक्की धरा: प्रायमरपासून वरच्या रंगापर्यंत सगळं एकमेकांना मानवणारं असलं पाहिजे. इनॅमलच्या थरावर टू-के मारलं की त्याचं थिनर खालचा थर फुगवतं आणि सगळीकडे सुरकुत्या पडतात. म्हणून जुने थर काढून उघड्या धातूवर इपॉक्सी प्रायमर मारणं हा सगळ्यात निर्धास्त मार्ग. त्यावर इनॅमल आणि टू-के दोन्ही बसतात. फक्त प्रायमरनंतर किती तासांत पुढचा हात मारायचा ते डब्यावर वाचा. वेळ उलटली तर घासूनच पुढे जावं लागतं.

घासण्याआधी तेल-ग्रीस काढा. उलटं केलंत तर पेपर तेच तेल धातूत रगडतो आणि नंतर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे उठतात. बीड तर छिद्रांत तेल धरून ठेवतं, म्हणून धुऊन, गरम करून, पुन्हा पुसा. पुसताना दोन फडकी: एक ओलं, लगेच मागे कोरडं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासून धूळ उडवू नका. पाणी लावून घासा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा. पातळ पत्र्यावर जोरात ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने वाळू मारून रंग-गंज काढणं) केलं तर तो वाकडातिकडा होतो आणि सील-बेअरिंगजवळ केलं तर वाळू आत जाते. गंज खाणारं ॲसिड वापरलं असेल तर ते पूर्ण धुऊन वाळवा, नाहीतर इपॉक्सी नीट धरत नाही. धातू उघडा पडला की त्याच दिवशी प्रायमर.

बीड, ॲक्सल, रिमची आतली बाजू यांना चांगला ब्रश चालेल. बॉनेट आणि मडगार्डला स्प्रे गनच हवी. वरच्या रंगाला १.३ ते १.४ मिमी नोझल, प्रायमरला थोडं मोठं. गन पत्र्यापासून १५-२० सेमी आणि सतत काटकोनात. मनगट वळवू नका, सगळा हात सरकवा. ट्रिगर पत्र्याच्या कडेबाहेर दाबायचा आणि पलीकडच्या कडेबाहेर सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात अगदी विरळ, तो जरा चिकट झाला की दोन भरदार हात. ओघळ बहुतेक पहिल्याच हातात सगळं झाकण्याच्या घाईने येतात. कंप्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा फिल्टर हवाच, आणि हवा दमट असेल तर त्या दिवशी काम थांबवा.

चाकाच्या नटांची बैठक कोरी ठेवा. तिथे जाड रंग राहिला तर तो हळूहळू दबतो आणि घट्ट केलेले नट ढिले पडतात. रेडिएटरच्या जाळीवर प्रायमर नको, काळ्या रंगाचा एक पातळ हात बस झाला, जाड थर उष्णता अडवतो. सायलेन्सर आणि मॅनिफोल्डला उष्णता सहन करणारा वेगळा रंग येतो. बॅटरीच्या अर्थिंगची जागा, ग्रीस निप्पल आणि नंबर कोरलेली पट्टी टेपने झाका. बोल्ट वेगळ्या रंगात चमकवायचा मोह टाळा. बरेचसे ट्रॅक्टर कारखान्यात जोडून झाल्यावरच रंगवले जात, त्यामुळे बोल्टही अंगाच्याच रंगाचे असायचे.

स्टिकर लगेच लावू नका. इनॅमल हाताला कोरडं लागलं तरी आतून काही आठवडे थिनर सोडत राहतं, आणि ते स्टिकरखाली अडकून फुगे येतात. नखाने दाबल्यावर रंगावर वळ उमटेनासा झाला की साबणाच्या पाण्याचा हात फिरवून स्टिकर बसवा.