ब्रेकची हवा घरी काढायची तर आधी काय घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढे डिस्क, मागे ड्रम असलेली छोटी हॅचबॅक, ब्रेक ऑइल दोन वर्षं जुनं, पेडल मारायला दुसरं माणूस नाही. मग चाकाकडून ऑइल ओढणारं हातपंपाचं व्हॅक्युम किट घ्यावं, वरून दाबाने ऑइल ढकलणारा प्रेशर ब्लीडर घ्यावा, की ऑइल एकाच दिशेने जाऊ देणारी वन-वे व्हॉल्व्हची बाटली पुरेल?

बाटली पुरते. पण त्याआधी चांगल्या पान्यावर पैसे घाला, कारण घरच्या कामात सगळ्यात जास्त नुकसान निपलचं होतं. निपल म्हणजे चाकाच्या ब्रेकवरचा, ऑइल आणि हवा बाहेर सोडणारा छोटा स्क्रू. तो आतून पोकळ असतो. गंजलेल्या निपलवर ढिला पाना फिरवला की आधी कडा गोल होतात, आणि मग जोर लावला की तो मुळापासून तुटतो. तसं झालं तर डिस्कचा कॅलिपर किंवा ड्रममधला व्हील सिलिंडर बदलण्यापर्यंत काम जातं. म्हणून सहा कोनी रिंग पानाच घ्या. बारा कोनी पाना कोपऱ्यावर धरतो आणि कोपराच खातो. ॲडजस्टेबल पाना तर जवळही आणू नका. साइज बहुधा ८, १० किंवा ११ मिमी निघते आणि पुढची-मागची वेगळी असू शकते, तेव्हा विकत घेण्याआधी मोजून घ्या. मागच्या ड्रमच्या बॅकप्लेटवरचा निपल चिखलात राहतो. कोकणात किंवा मुंबईत गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर आदल्या रात्री तारेच्या ब्रशने घासून आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा. ते लायनरवर, पॅडवर किंवा डिस्कवर जाता कामा नये.

नळी पारदर्शक हवी, आतला व्यास साधारण ५ मिमी, निपलवर ताणून घट्ट बसेल अशी. सिलिकॉनची उत्तम. ढिली नळी स्वतःच हवा ओढते आणि लाइनमध्ये हवा आहे असं वाटत राहतं.

हीच गोम व्हॅक्युम पंपाची. निपल सैल केला की पंप आट्यांमधून बाहेरची हवा खेचतो आणि नळीत बारीक बुडबुड्यांची माळ थांबतच नाही. त्या नादात लिटरभर ऑइल वाया जातं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून हे कमी होतं, पण टेपचा तुकडा निपलच्या टोकाकडे, ऑइलच्या वाटेत जायला नको. प्रेशर ब्लीडर एकट्यासाठी खरंच उत्तम. मात्र तुमच्या रिझर्व्हायरच्या (ब्रेक ऑइलच्या टाकीच्या) झाकणाला नेमका बसणारा ॲडॅप्टर मिळत असेल तरच घ्या. दाब १० ते १५ पीएसआयच्या वर नेऊ नका. झाकण निसटलं तर ऑइल इंजिनभर उडतं आणि रंग खातं. कुठेही सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

बाकी सामान: ५० मिलीची सिरिंज, हातमोजे, चष्मा आणि दोन घोड्या (जॅक स्टँड). नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका. ऑइल रिझर्व्हायरच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच, नवीन सीलबंद डब्यातलं, एक लिटर आणा. उघडून ठेवलेला डबा हवेतली ओल शोषतो. डॉट ४ ग्रेडचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं, ३.७ टक्के पाणी शिरलं की ही अट १५५ वर येते. घाटात ब्रेक तापल्यावर वाफ होऊन पेडल खाली जातं ते याचमुळे. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही.

सिरिंजने रिझर्व्हायरमधलं काळं ऑइल काढा, पण तळ उघडा पाडू नका, आणि नवीन भरा. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा. बाटलीत नळीचं टोक बुडेल एवढं ऑइल घाला आणि बाटली निपलपेक्षा उंच टांगा. निपल पाव फेराच उघडा, जास्त उघडला तर आटे हवा घेतात. पेडल सावकाश दाबा, सावकाश सोडा. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा: पेडल तळापर्यंत गेलं तर जुन्या मास्टर सिलिंडरचा सील रोज जिथवर जात नाही त्या गंजलेल्या भागावर घासून फाटू शकतो. दर आठ-दहा दाबांनी रिझर्व्हायर बघा. ते रिकामं झालं तर सगळं पहिल्यापासून, आणि एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे तिच्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात, हवा गेली तर पुष्कळ गाड्यांत स्कॅनरने पंप चालवल्याशिवाय ती निघत नाही.

स्वच्छ, बिनबुडबुड्याचं ऑइल आलं की निपल बंद करा. मॅन्युअलमधला टॉर्क बघा. बहुधा ७ ते १० न्यूटन-मीटरच असतो, म्हणजे आखूड पान्याचा मनगटाचा जोर.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत मारा आणि मग इंजिन सुरू करा. त्या क्षणी पेडल थोडं खाली जाणं बूस्टरमुळे (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागामुळे) असतं, ते ठीक. पाय तसाच अर्धा मिनिट दाबून धरा. पेडल हळूहळू बुडत राहिलं तर चारही निपल आणि पाइपचे जोड तपासा. गळती कुठेच नसेल तर संशय मास्टर सिलिंडरच्या सीलवर, आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.